पावसाच्या पाण्याच्या टाकीचा गंजलेला तळ

सचिव: नमस्कार. काल पावसाच्या पाण्याची लोखंडी टाकी रिकामी करून आत बॅटरी मारून पाहिली. भिंती शाबूत आहेत. परंतु तळाच्या पत्र्यावर, विशेषतः जेथे गाळ साचतो तेथे, गंजाच्या खपल्या सुटत आहेत. रंगाऱ्याने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात देण्याचा दर कळवला आहे. सदस्यांनी आपले मत कळवावे.

ब-२०३: तीन वर्षांपूर्वीही आपण रेड ऑक्साइडच दिला होता. दर तीन वर्षांनी हाच खर्च होणार असेल, तर सरळ प्लास्टिकची टाकी का घेऊ नये?

अ-३०१: टाकी बदलण्याआधी केवळ तळच का गेला, हे पाहू या. पावसाचे पाणी गोडे म्हणून लोखंडाला निरुपद्रवी, असा आपला समज असतो. वस्तुतः हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा सामू (pH) साधारण ५.६, म्हणजे किंचित आम्लधर्मी, असतो, आणि विहिरीच्या पाण्यातील क्षार पत्र्यावर जो पांढरा थर धरून त्याचे थोडेफार रक्षण करतात, तो थर या पाण्यात धरतच नाही. त्यात आपण रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळा सोडून उरलेले सगळे महिने गच्चीवर खारी धूळ बसते आणि पहिल्या सरींबरोबर पन्हळीतून थेट टाकीत उतरते. तिचा गाळ बसला की त्याखालच्या पत्र्याला प्राणवायू कमी मिळतो, भोवतालच्या उघड्या पत्र्याला जास्त. या फरकाने पाण्यातच एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि गाळाखालचा पत्रा झिजत जातो. रेड ऑक्साइड हे तर नुसते अस्तर आहे, सतत पाण्याखाली राहण्यासाठी ते नसतेच.

क-१०४: काका, गीझरमध्ये लोखंडाऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी असते, तशी टाकीत सोडली तर?

अ-३०१: सोडता येईल, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे कांडीचे संरक्षण फार दूर पोहोचत नाही. खरे काम लेपाचेच. आपल्यापैकी काही घरे हे पाणी गाळून, उकळून पितात, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी चालणाराच इपॉक्सी लेप घ्यावा आणि डब्यावर तसे लिहिलेले आहे का, हे स्वतः वाचावे. त्याआधी हातोडीने तळ ठोकून पाहावा. पत्रा बोदा वाजला तर तेथे नवा तुकडा वेल्ड करणे भाग आहे. गंजावरून रंग मारणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना देणे. धातू उजळेपर्यंत घासावा, सांधे अधिक काळजीने, आणि इपॉक्सीचा पहिला हात त्याच दिवशी द्यावा, कारण आपल्या दमट हवेत उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो. काम सकाळचे दव सुकल्यावरच सुरू व्हावे, आणि डब्यावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याशिवाय पाणी भरू नये.

ब-२०३: एवढे करून गाळ पुन्हा येणारच ना?

अ-३०१: तो आधीच अडवायचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या २०० चौरस मीटर गच्चीवरचे पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे ४०० लिटर, बाहेर सोडण्यासाठी पन्हळीच्या खाली एक व्हॉल्व्ह पुरेसा आहे. तळाशी गाळ काढण्याचा नळ बसवून तो पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडावा.

सचिव: प्लास्टिकच्या टाकीचा विषय तूर्त बाजूला ठेवून, इपॉक्सी, पन्हळीचा व्हॉल्व्ह आणि गाळाचा नळ यांचे दरपत्रक मागवतो.

अ-३०१: दरपत्रकात आणखी एक अट लिहावी: रंगारी आत असताना एक माणूस सतत मॅनहोलपाशी हवा आणि आत हवा फेकणारा पंखा चालू हवा. इपॉक्सीच्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशीच साचते आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो.

सचिव: अट घालतो. घासकाम सोमवारी सुरू होईल. टाकीलगतच्या अंगणात आमसुले वाळत घातलेल्यांनी ती रविवारीच उचलावीत.