मदत हवी आहे : शोजंपिंगमधील (घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेतील) ‘हौशी’ स्वार नेमका कसा ठरवावा?

आमच्या घोडेस्वारी संघाच्या स्पर्धा समितीवर मी काम करतो आणि पुढील हंगामापूर्वी हौशी गटाच्या पात्रतेचे नियम नव्याने लिहून देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. जुना नियम एका ओळीचा आहे : घोडेस्वारीचे पैसे घेणारा तो व्यावसायिक, बाकी सगळे हौशी. वाचताना त्यात काही खटकत नाही, पण गेल्या स्पर्धेत याच ओळीने आमची पंचाईत केली.

१.१० मीटर उंचीच्या अडथळ्यांच्या हौशी फेरीत एक बाई दुसऱ्या आल्या होत्या. त्या दिवसभर हिशेबनिसाची नोकरी करतात, आठवड्यातून दोनदा सकाळी नवशिक्या मुलांना लगाम धरायला शिकवतात आणि त्या शिकवणीच्या पैशांतून आपल्या एकुलत्या एका घोड्याची दाणावैरण आणि नालबंदी भागवतात. जोडअडथळ्याच्या दुसऱ्या भागावर त्यांच्या घोड्याचा मागचा खूर दांडीला लागला, दांडी क्षणभर डुगडुगली आणि खाली आली. त्या चार दोषगुणांनी पहिला क्रमांक हुकला. पहिले आलेले गृहस्थ कोणाकडून एक पैसाही घेत नाहीत. त्यांच्याकडे तीन घोडे आणि एक पगारी प्रशिक्षक आहे. त्या सकाळी सराव-मैदानात त्यांचा घोडा प्रशिक्षकानेच पाऊण तास फिरवला, त्याच्याकडून सात-आठ उड्या मारून घेतल्या आणि फेरीची वेळ आल्यावर उतरून, रिकिबीचे पट्टे दोन भोके सैल करून, मालकांना वर बसवले. तक्रार आली ती मात्र बाईंविरुद्ध. नियमाप्रमाणे त्यांचा क्रमांक काढून घ्यावा लागला आणि त्या निर्णयाखाली माझीही सही आहे.

घोडेस्वारीत ‘हौशी’ या शब्दाचा कौशल्याशी संबंध पहिल्यापासूनच सैल आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याचा प्रकार) संघाने मिळवलेले सुवर्णपदक पुढच्या वर्षी काढून घेण्यात आले, कारण संघातील गेनाल पेर्सन हा स्वार कायम हुद्द्याचा लष्करी अधिकारी नव्हता आणि त्या काळी सैन्यातील स्वारांपैकी फक्त असे अधिकारीच हौशी धरले जात. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. तो कसा बसतो, हा प्रश्नच नव्हता. अमेरिकी महासंघाच्या नियमावलीतही हौशी स्वाराची व्याख्या वर्षानुवर्षे ‘कौशल्य आणि कामगिरी काहीही असो’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होत असे आणि मग वयाच्या अठराव्या वर्षानंतर कोणत्या कामाचे पैसे घेतले, एवढेच तपासले जाई. आमची एक ओळ याच घराण्यातली आहे.

पैशांची अट पूर्णपणे काढून टाकावी, असे माझे म्हणणे नाही. रोज सहा-सात घोडे फिरवून पगार घेणाऱ्या स्वाराने शनिवार-रविवारी बसणाऱ्यांच्या गटात उतरू नये, हे उघड आहे. माझा कल असा आहे की पात्रता मुख्यतः गेल्या दोन वर्षांतील कामगिरीवर, म्हणजे किती उंचीच्या फेऱ्या निर्दोष पूर्ण केल्या यावर ठरवावी आणि शिकवणीच्या उत्पन्नाला एक ठरावीक मर्यादा घालून तेवढी सूट द्यावी. येथे अडचण अशी की ही कामगिरी स्वाराच्या नावावर मांडायची की घोड्याच्या, हे मला ठरवता आलेले नाही. १.४० मीटरच्या फेऱ्या मारलेला अनुभवी घोडा १.१० मीटरवर स्वाराच्या कितीतरी चुका पोटात घालतो. उलट कच्च्या घोड्यावर बसलेला कसलेला स्वार कागदावर नवशिका दिसतो आणि हौशी गटात सहज शिरतो.

तबेल्यातील कामाचा प्रश्न याहून चिवट आहे. खरारा करणे, लीद काढणे, खोगीर साफ करणे यासाठी पगार घेणारा मोतद्दार हौशी राहू शकतो, असे मला वाटते. पण लहान तबेल्यात तोच मोतद्दार मालक नसताना घोडा फिरवूनही आणतो आणि पगार मात्र एकच असतो, मग त्यातील किती पैसे स्वारीचे धरायचे? पती-पत्नी मिळून तबेला चालवतात आणि शिकवणीची पावती एकाच्याच नावाने फाटते, तेथेही हाच घोळ होतो. त्यातच, दहा वर्षांपूर्वी व्यवसाय सोडलेल्या स्वाराला पुन्हा हौशी गटात घेण्यापूर्वी किती काळ थांबवावे, यावर आमच्या समितीत एक वर्षापासून ‘कधीच नाही’पर्यंत मते आहेत.

आपल्यापैकी कोणी कामगिरीवर आधारलेला नियम प्रत्यक्ष राबवला असेल, तर उंचीची मर्यादा स्वाराला लावली की स्वार-घोडा जोडीला, आणि तक्रार आल्यास पुरावा कोणी द्यायचा असे ठरवले, हे कृपया सविस्तर लिहावे. स्पर्धेच्या दिवशी हौशी फेरीतील घोड्यावर त्याच्या स्वाराशिवाय कोणीही बसू नये, असे एक कलम मी मसुद्यात घातले आहे. समितीतील काहींच्या मते ते अतिरेकी आहे, कारण भडकलेल्या घोड्यावर अननुभवी स्वाराला बसवणे धोक्याचे ठरेल. हा आक्षेप मला खोडून काढता आलेला नाही, त्यामुळे या कलमावरचा अनुभव सर्वांत आधी हवा आहे.