एमएससीची क्षमता १० लाख बीएचसीए, तर ग्राहक किती?

नवखा_प्लॅनर
नमस्कार मंडळी. ट्रान्समिशनमधून नुकताच कोअर प्लॅनिंगला आलोय. एका जुन्या एमएससीच्या (मोबाइलचे कॉल जोडणारं एक्स्चेंज) डेटाशीटवर १० लाख बीएचसीए लिहिलंय, म्हणजे गर्दीच्या तासाला १० लाख कॉलचे प्रयत्न. माझा हिशोब: ग्राहकामागे २५ मिलिअर्लांग (म्हणजे तासातले ९० सेकंद लाइन व्यापलेली), सरासरी कॉल ९० सेकंदांचा. ०.०२५ गुणिले ३६०० भागिले ९० बरोबर १. तासाला ग्राहकामागे एक कॉल, म्हणून १० लाख ग्राहक. साहेब म्हणतात, "निम्मे धर." का, ते सांगत नाहीत.

स्ट्रौजरवाले_काका
साहेब बरोबर आहेत, कारण सांगायचा कंटाळा केलाय एवढंच.

ते ९० सेकंद कुठून आणले? बिलिंगमधून असणार. बिलात फक्त उचललेले कॉल येतात. आणि आपल्याकडे मिस्ड कॉल हा स्वतंत्र व्यवहार होता. दूधवाल्याला एक रिंग म्हणजे आज एक लिटर जास्त, रिक्षावाल्याला एक रिंग म्हणजे खाली ये. बिलात शून्य. पण एमएससीला सिम तपासावं लागतं, समोरचा कुठे आहे ते एचएलआरला (ग्राहकांच्या नोंदवहीला) विचारावं लागतं, पेजिंग (टॉवरवरून त्या फोनला हाक), चॅनल, रिंग, आणि शेवटी सगळी आवराआवर. जवळपास उचललेल्या कॉलइतकंच काम. उलट माणसं गप्पा मारत असतात तेव्हा प्रोसेसरला त्या कॉलचं फारसं काही पडलेलं नसतं. तो दमतो कॉल जोडताना आणि तोडताना.

न उचललेले, बिझी, स्विच ऑफ असे सगळे धरून सरासरी ४५ सेकंदांवर आली, तर अर्लांग तेवढेच राहतात आणि प्रयत्न दुप्पट होतात. ५ लाख ग्राहक.

गणितज्ञ अर्लांगचं १९१७चं सूत्र ट्रंक (एक्स्चेंजमधल्या लाइन) आणि रेडिओ चॅनल मोजायला उत्तम. २ टक्के ब्लॉकिंगला (शंभरात दोन कॉलना जागा नाही) ७ चॅनलवर २.९ अर्लांग, १४ चॅनलवर ८.२. प्रोसेसरला ते लावू नका.

आणि डेटाशीटवरचा आकडा कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या कॉलचा आहे, तुमच्या गावातल्या नव्हे. स्वतःचे काउंटर काढा. आठवडाभराचे तासातासाचे प्रयत्न आडव्या अक्षावर, प्रोसेसरचा लोड उभ्यावर. साधारण सरळ रेषा येते. समजा १ लाख प्रयत्नांना २२ टक्के आणि ३ लाखांना ४६ टक्के. म्हणजे लाखामागे १२ टक्के, आणि एकही कॉल नसताना १०. मर्यादा ७० टक्के धरली तर ५ लाख प्रयत्न, बस. उरलेले ३० टक्के उधळायला नाहीत. एखादा लिंक तुटला की लोक तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत बसतात, ते त्यासाठी.

वाळवंटातला_आरएफ
काकांच्या त्या १० टक्क्यांत बरंच काही दडलेलं असतं. एसएमएस, लोकेशन अपडेट. फोन हलला नाही तरी ठरावीक वेळाने हजेरी देतो. जीएसएममध्ये तो टायमर ६ मिनिटांच्या पटीत असतो. कुणी तो ६ तासांवरून १ तासावर आणला, तर रात्री ३ वाजताही लोड चढलेला दिसेल.

दुसरं म्हणजे, कोअरच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या, आधी टॉवरकडचा रेडिओ मान टाकतो. आषाढीला पंढरपुरात कॉल कसे असतात? "कुठंय? मी नामदेव पायरीपाशी." संपला. १० सेकंद. टीसीएचचे (बोलणं वाहून नेणारे चॅनल) अर्लांग बघाल तर सगळं आलबेल, आणि एसडीसीसीएच (कॉल जोडणीच्या संदेशांचे चॅनल) तुडुंब. ट्रायच्या २००९च्या निकषात टीसीएचला २ टक्के गर्दी चालायची, एसडीसीसीएचला १ च, ते उगाच नव्हतं. आम्ही तिथे टीसीएचचे दोन-दोन टाइमस्लॉट काढून एसडीसीसीएचला देतो, मग कॉल लागायला लागतात.

फोरजी_फॅन
अजून एमएससी? आता सगळं व्होल्टीई (फोरजीवरूनच कॉल) आहे हो.

स्ट्रौजरवाले_काका
असू दे की. आडव्या अक्षावर कॉलबरोबर रजिस्ट्रेशनही घ्या, कारण आयएमएसचा (व्होल्टीईचे कॉल जोडणारी यंत्रणा) एक नोड रीस्टार्ट झाला की त्यावरचे सगळे फोन एकदमच दारात येतात. रेषा काढायची रीत तीच.

नवखा_प्लॅनर
काका, रेषा काढली. ५५ टक्क्यांपर्यंत सरळ आहे, पण वरचे चार-पाच ठिपके उजवीकडे आडवे पसरलेत. प्रयत्न वाढतात, लोड जागेवरच. म्हणजे मशीन अजून बरंच ओढेल असं धरू का?

स्ट्रौजरवाले_काका
अजिबात नाही! ओव्हरलोड कंट्रोल सुरू झालाय. तेव्हा एमएससी नवे कॉल दारातच परत पाठवतो, आणि परत पाठवणं स्वस्तात होतं. काउंटर मात्र त्यांनाही प्रयत्न म्हणूनच मोजतो. नाकारलेल्या प्रयत्नांचा काउंटर वेगळा मिळेल, तो शेजारी लावून बघा. ते ठिपके वगळूनच रेषा काढा. आणि कंट्रोल ५५ लाच का लागतोय ते आधी शोधा, कुणीतरी थ्रेशोल्ड खाली ओढून ठेवलेला दिसतोय.