सोसत नाही, बाधतं, वावडं की ॲलर्जी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
मला सात वर्षांपासून आमवात आहे. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला भाच्याच्या साखरपुड्यात रेड वाइनचे दोन घोट घेतले. अर्ध्या तासात कान तापले, नाक चोंदलं, मनगटावर गांधी उठल्या. वहिनी म्हणाली, "तुम्हाला सोसत नाही." आई म्हणाली, "बाधली." भाचा म्हणाला, "मावशी, ही ॲलर्जी." डॉक्टरांना यातलं काय सांगू?

उत्तर (पाचपाखाडी)
तिन्ही शब्द वेगळे आहेत. 'बाधणं' एका वेळेपुरतं: काल दही बाधलं, ऊन बाधलं. विषबाधेतली 'बाधा' हीच. 'सोसणं' मापाचं आहे: एक घोट सोसतो, तिसरा नाही. व्याकरणही बघा. 'मी दुःख सोसलं' यात सोसणारी मी. 'मला वाइन सोसत नाही' यात कर्ता वाइन, माझ्याकडे फक्त 'मला'. 'मानवणं' याहून संथ, हवापाण्यालाही चालतं, आणि बहुधा नकारातच येतं.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनं 1906 साली घडवला. मराठीत त्याला 'अधिहर्षता' असा प्रतिशब्द आहे, पण तो बोलण्यात कधीच रुळला नाही. शिवाय वाइनचा प्रत्येक त्रास ॲलर्जी नसतो. आंबवताना तिच्यात हिस्टामाइन हे गांधी उठवणारं, नाक चोंदवणारं रसायन तयार होतं, रेडमध्ये सहसा जास्त. ते मोडणारं आतड्यातलं विकर (एन्झाइम) मद्यामुळे मंदावतं. म्हणून डॉक्टरांना 'सोसत नाही' म्हणा आणि किती घोट, किती वेळात, काय झालं ते सांगा. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर मात्र शब्द शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

उत्तर (ऐरोली)
माझ्या मुलीला सीलिअॅक आहे. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते. ही ॲलर्जी नव्हे. सुरुवातीला मी 'गव्हाचं वावडं' म्हणायचे आणि तिथेच फसायचे. वावडं नावडीलाही म्हणतात, 'त्याला कामाचं वावडं' तसं. वाशीच्या एका केटररनं "थोडं चालेल हो" म्हणत आमटीला नेहमीचा हिंग घातला. बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा असतो. पोरगी दोन दिवस आडवी होती.

आता मी 'वर्ज्य' म्हणते. उपासाला धान्य वर्ज्य म्हटलं की डावसुद्धा वेगळा ठेवतात, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बिअरही वर्ज्य, ती जवाची असते आणि जवातही ग्लूटेन असतं.

मूळ प्रश्नकर्ती
'वर्ज्य' मलाही लागू झाला! मी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध घेते, त्यावर मद्य म्हणजे यकृतावर दुहेरी भार, असं डॉक्टर म्हणाले. घोटांची मोजणी संपली.

अजून एक अडचण. आई गांधींना 'पित्त उठलं' म्हणते आणि आमसुलाचं पाणी चोळते. मागे एका अमराठी डॉक्टरांना मी तसंच सांगितलं, तर त्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली. तिथे 'अंगावर' हा शब्द सोडायचा नाही, एवढं मी शिकले.