बर्फनौकेसाठी १० सेंटीमीटर जाडीचा बर्फ पुरेसा मानावा का?

प्रश्न:
नमस्कार. पाण्यावर शिडाची होडी चालवण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे आणि येत्या हिवाळ्यात डीएन या प्रकारची एकआसनी बर्फनौका, म्हणजे गोठलेल्या तलावावर पोलादी पात्यांवर धावणारी शिडाची नौका, शिकण्याचा विचार आहे. बर्फाची जाडी किमान १० सेंटीमीटर असावी, असे बहुतेक जण सांगतात. तेवढी जाडी एका ठिकाणी मोजून झाली, की निर्धास्तपणे शीड उभारावे का? सोबत कोणती साधने असावीत आणि समोरासमोर आल्यास कोणी कोणाला वाट द्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १:
तो आकडा नव्या, पारदर्शक आणि काळसर दिसणाऱ्या बर्फासाठी आहे. हिम भिजून गोठल्याने तयार झालेल्या पांढऱ्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात; त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणून जाडी दुप्पट हवी. हिवाळा सरताना तर जाड बर्फही आतून उभ्या कांड्यांमध्ये सुटत जातो आणि जाडी मोजून काहीच कळत नाही. शिवाय वजन पेलण्याची क्षमता ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १० सेंटीमीटरच्या जागी ७ असले, तर क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते.

एकाच तलावात ओढ्याचे मुख, पुलाखालची जागा, तळातले झरे आणि अरुंद खाडीसारखे भाग दगा देतात. हिमाचा थर पांघरुणासारखा काम करून खालचा बर्फ वाढू देत नाही, हेही लक्षात घ्यावे. म्हणून ज्या पट्ट्यात नौका न्यायची, तो आधी पायी फिरून, हातातल्या जड पहारीने पुढचा बर्फ ठोकत तपासावा आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

उत्तर २:
वरील मुद्द्यांशी सहमत आहे. मात्र सकाळची तपासणी दिवसभर पुरते, असा समज होऊ नये. तापमान बदलले की बर्फ प्रसरण पावतो, त्याचे पट्टे एकमेकांवर रेटले जाऊन कंगोरे उभे राहतात आणि त्यांच्या कडेला बऱ्याचदा उघडे पाणी असते. सकाळी ओलांडलेली जागा दुपारी तशीच असेल, असे नाही. बर्फनौका वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने सहज धावते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २०० मीटरवर दिसलेल्या भेगेपर्यंत पोहोचायला तुमच्या हाती फक्त १० सेकंद उरतात.

थांबण्यासाठी शिडाचा दोर सैल सोडून नाळ (नौकेचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळवावी लागते आणि त्या वळणाला मोकळी जागा लागते. ब्रेक मुख्यतः थांबलेली नौका जागेवर ठेवण्यासाठी असतो. नौका सोडून जाताना नाळ वाऱ्याकडे ठेवावी आणि ब्रेक लावावा, नाहीतर ती रिकामीच निघते. धारदार पोलादी पात्यांवर धावणारी रिकामी नौका हा काही विनोद नव्हे.

वाट देण्याबाबत: वाऱ्यासोबत जाणाऱ्याने वाऱ्याविरुद्ध चढणाऱ्याला वाट द्यावी. दोघेही वाऱ्याविरुद्ध असतील, तर ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो त्याचा हक्क पहिला. हक्क आपला असला तरी टक्कर टाळणे दोघांचेही काम आहे.

उत्तर ३:
साधनांविषयी लिहितो. शिरस्त्राण, लाइफ जॅकेट, बुटांखाली खिळ्यांची पट्टी, शिट्टी, फेकण्याचा दोर आणि जलरोधक पिशवीत कोरडे कपडे. टोकदार खिळे बसवलेल्या दोन मुठी दोरीने गळ्यात अडकवाव्यात. पिशवीत ठेवल्या तर त्यांचा उपयोग शून्य.

पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटभर श्वास अनावर होतो, तेव्हा धडपड न करता तो सावरावा. पुढची साधारण १० मिनिटे हातपाय नीट काम देतात. ज्या बाजूने आलात, त्याच बाजूच्या बर्फात खिळे रोवा, पाय मारून शरीर आडवे करा, वर सरका आणि उभे न राहता लोळत दूर जा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सोबत्याने अशा वेळी नौका जवळ आणावी का?

उत्तर ३:
मुळीच नाही. त्याने लांबच, आपण आलेल्या वाटेवर थांबावे, शिट्टी वाजवून इतरांना सावध करावे, पालथे पडून अंतर राखत दोर फेकावा आणि मदतीसाठी फोन करावा.