योसेमिटीत सासू-सासऱ्यांसोबत कॅम्पिंग : काळ्या अस्वलांबाबत नेमकी काय काळजी घ्यायची?

मृद्गंध :

नमस्कार. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला जातोय, अपर पाइन्स कॅम्पग्राउंडला तंबूची जागा मिळाली आहे. मी, नवरा, दीड वर्षाची मुलगी आणि चंद्रपूरहून आलेले सासू-सासरे.

सासरे मूल तालुक्यातले. तिथे अस्वल पाहिलंच नाही असा माणूस नाही, आणि अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस पाहिलेलेही बरेच आहेत. योसेमिटीच्या दरीत अस्वलं फिरतात हे कळल्यापासून ते म्हणताहेत, "तुम्ही जा, मी घरी थांबतो." नवऱ्याचं म्हणणं अगदी उलट, की इथली अस्वलं माणसाला काही करत नाहीत. मला दोन्ही पुरतं पटत नाही, म्हणून इथे विचारतेय.

सासूबाईंनी मेतकूट, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, साजूक तूप असं बरंच काही आणलंय. ते गाडीत कुलूप लावून ठेवलं तर चालेल ना? बेअर स्प्रे (अस्वलाला हाकलायचा तिखट फवारा) घ्यावा का? मुलीला रात्री दोनच्या सुमारास दूध लागतं, ते कुठे ठेवू? आणि मिरर लेकच्या वाटेवर अस्वल समोर आलंच तर पाच जणांनी नेमकं काय करायचं?

पायवाट :

गाडीत रात्री खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, तसा तिथे नियमच आहे. प्रत्येक तंबूच्या जागेला लोखंडी लॉकर असतो, सगळं त्यात. बेअर स्प्रे योसेमिटीत न्यायलाच बंदी आहे, तेव्हा विकत घेऊ नका. बाकीचं देवदार सांगतील, त्या तिकडेच राहतात.

देवदार :

मृद्गंध, मी ओकहर्स्टच्या बाजूला राहते, पार्कच्या दक्षिण दारापासून जवळ. आमच्या अंगणातही अस्वल येऊन जातं. तुम्ही मोठ्या माणसांना आणि तान्ह्या मुलीला घेऊन चालला आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाडीचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला नखं अडकवून अस्वल ती सरळ खाली वाकवतं. काच फुटते, ते आत शिरतं, आणि डिकीतल्या डब्यापर्यंत पोचायला मागची सीट फाडतं. १९९८ साली योसेमिटीत अस्वलांनी केलेल्या नुकसानीच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या होत्या. मग लॉकर वाढवले, रात्रीची गस्त वाढवली, नियम कडक केले, आणि आकडा झपाट्याने खाली आला. आता खाणं उघड्यावर किंवा रात्री गाडीत सापडलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्हाला उपयोगी पडेल असं आणखी एक. २००१ ते २००७ या काळात अस्वलांनी फोडलेल्या गाड्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा मिनिव्हॅनचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त निघालं. एक तर्क असा, की मिनिव्हॅनमधून लहान मुलं फिरतात आणि सीटच्या फटींत बिस्किटांचा चुरा, सांडलेलं दूध, रस हे सगळं मुरलेलं असतं. तुमची गाडी कुठलीही असो, निघण्याआधी मुलीच्या कारसीटचं कव्हर धुवा आणि खाचा व्हॅक्यूमने साफ करा. तरीही दुधाचा वास राहिलाच, तर मुक्कामी ती सीट गाडीत सोडू नका. लॉकरमध्ये तिच्यासाठी जागा धरूनच सामान भरा.

लॉकर साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असतो. कूलर त्यात मावायलाच हवा, रिकामा असला तरी. म्हणून आजच टेप घेऊन कूलर मोजा. पाच माणसांचा तीन-चार दिवसांचा शिधा त्यात बसवायचा तर मोठी पातेली आणि जास्तीचे डबे घरीच ठेवावे लागतील.

आता लॉकरमध्ये काय जातं ते. पार्कच्या लेखी वास असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे अन्न, मग ती सीलबंद का असेना. आपल्या घरात अशा वस्तू पुष्कळ असतात आणि इंग्रजी पाट्यांवर त्यांची नावं नसतात, म्हणून मी नावं घेऊन सांगते. सासूबाईंचं खोबरेल तेल, पावडर, गुडघ्याला लावायचा बाम. सासऱ्यांच्या खिशातली बडीशेप, सुपारी, खोकल्याच्या गोळ्या. देवाजवळची उदबत्ती, कापूर, प्रसादाची खडीसाखर. मुलीचे वाइप्स, क्रीम, गुटी. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन. वापरलेला डायपर तंबूच्या कोपऱ्यात पिशवीत बांधून ठेवू नका, लगेच अस्वलांना न उघडणाऱ्या कचरापेटीत टाका. सीलबंद डबे आणि पाण्याव्यतिरिक्त पेयांच्या बाटल्याही लॉकरमध्येच. आणि लॉकरची कडी प्रत्येक वेळी लावायची. "आत्ता मीठ काढायचंच आहे" म्हणून दार उघडं टाकून चुलीकडे वळायचं नाही. माणसं चार पावलांवर असतानाही अस्वल येऊन पिशवी उचलून नेतं.

स्वयंपाक जरूर करा, गरम वरणभातासारखं तिथे काही लागत नाही. फक्त जेवण झालं की भांडी तशीच रात्रभर ठेवू नका. खरकटं पाणी तंबूशेजारी ओतू नका. ते गाळून घ्या, खरकटं कचरापेटीत आणि पाणी ठरवून दिलेल्या जागी टाका. ज्या फडक्याला तूप पुसलं तेही लॉकरमध्ये. फोडणी तंबूपासून जमेल तेवढी दूर द्या, आणि अंगावरचा स्वयंपाकाचा कपडा बदलून झोपा.

एवढं सगळं आपल्या जिवासाठी आहेच, पण त्याहून जास्त अस्वलाच्या जिवासाठी आहे, हे मला मनापासून सांगायचंय. एकदा माणसाच्या डब्यातलं मिळालं की अस्वल ती जागा विसरत नाही. आधी रात्री येतं, मग दिवसा, मग माणसाला न बिचकता. शेवटी पार्कवाल्यांना त्याला मारावं लागतं. लाडूचा एक डबा उघडा राहिला म्हणून असं होऊ नये.

चांदागड :

मृद्गंध, मी चंद्रपूरचाच. तुमच्या सासऱ्यांची भीती अगदी रास्त आहे, फक्त ती दुसऱ्या प्राण्याची आहे. हे त्यांना नीट समजावून सांगितलं तर ते येतील असं मला वाटतं.

आपल्याकडचं अस्वल मोहाच्या दिवसांत पहाटे मोहफुलं खायला झाडाखाली येतं आणि त्याच वेळी माणसंही टोपल्या घेऊन येतात. त्याला फार लांबचं दिसत नाही, वारूळ उकरताना ते आपल्याच नादात असतं, आणि माणूस अगदी जवळ आला की दचकून थेट अंगावर येतं. डोक्यावर, तोंडावर घाव घालतं आणि निघून जातं. खाण्यासाठी नाही, घाबरून. अभ्यासकांचं म्हणणं असं, की जिथे वाघ आहे तिथे हे अस्वल घडलं, आणि पिल्लांना पाठीवर घेऊन जागच्या जागी उभं राहून लढणं हाच त्याचा बचाव झाला. आमच्या भागात जुनी माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त वचकून असतात ते उगाच नाही.

अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचा स्वभाव वेगळा. धोका दिसला की ते पळतं किंवा सरसर झाडावर चढतं, पिल्लांनाही आधी झाडावर पाठवतं. त्यामुळे "अस्वल दिसलं म्हणजे झडप आलीच" हा आपला हिशेब तिथे चालत नाही. पण सासऱ्यांची एक सवय मात्र तिथेही कामाची आहे. रानात शिरताना आपण बोलत, खाकरत, काठी आपटत चालतो ना, तसंच चालायला सांगा. पाण्याच्या आवाजाजवळ आणि वळणांवर तर नक्कीच.

कर्दळी :

मी न्यू जर्सीत असते. "काही करत नाहीत" या वाक्याबद्दल लिहावंसं वाटलं. आमच्या राज्यात एकवीसच्या एकवीस काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) काळी अस्वलं दिसतात आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. पण २०१४ साली वेस्ट मिलफर्डच्या जंगलात मित्रांच्या एका गटाच्या मागे अस्वल लागलं. त्यांनी फोटो काढले, ते जवळ येत गेलं, सगळे वेगवेगळ्या दिशांना पळाले, आणि त्यांतला एक परत आला नाही. तेव्हा आमच्याकडच्या देशी कुटुंबांत कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

मागे मागे येणारं अस्वल हे कॅम्पमध्ये डबा शोधणाऱ्या अस्वलापेक्षा वेगळं असतं, हे सगळ्यांना माहीत हवं. १९०० ते २००९ या काळात अमेरिका आणि कॅनडात जंगली काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारल्याची नोंद आहे. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की बहुतेक हल्ले पिल्लांच्या आईने केलेले नव्हते. भक्ष्य समजून माग काढणाऱ्या एकट्या नराचे होते. आणि दहातल्या नऊ घटनांत माणूस एकटा किंवा दोघेच होते. तुम्ही पाच जण आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. एकत्र राहा.

स्प्रेचं मात्र प्रत्येक पार्कचं वेगळं असतं. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये तो नेता येतो, योसेमिटीत नाही. दुसरीकडे जाताना त्या त्या पार्कचा नियम बघा.

मृद्गंध :

खूप आभार सगळ्यांचे. चांदागड, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "तिकडं काठी मिळंल का?" म्हणजे येताहेत!

देवदारताई, दोन गोष्टी अजून. समोर आलंच तर क्रमाने काय करायचं, आणि रात्रीच्या दुधाचं काय?

देवदार :

फार बरं वाटलं. काठी माझ्याकडून.

वाटेवर दूर दिसलं तर थांबा. किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर अंतर ठेवायचंच, फोटोसाठीही ते कमी करायचं नाही. त्याला वाट द्या, हवं तर मागे फिरा. जूनमध्ये कुरणात गवत खाणारं अस्वल दिसू शकतं, आणि काळंच असेल असं नाही. इथल्या सिएरा डोंगररांगेतली बरीचशी तपकिरी, दालचिनीच्या रंगाची असतात. कॅलिफोर्नियातली ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, शंभर वर्षांपूर्वीच संपली, त्यामुळे तपकिरी दिसलं तरी ते हेच अस्वल. मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, वास घेऊन अंदाज घेत असतं. फुत्कारलं, दात वाजवले, जमिनीवर पंजा आपटला, तर त्याचा अर्थ "फार जवळ आलात". तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. आई आणि पिल्लं यांच्या मध्ये कधीच जाऊ नका.

ते जवळ जवळ येऊ लागलं, किंवा तुमच्या टेबलापाशी आलं, तर मात्र सौम्यपणा नको. मुलीला आधीच उचलून घ्या. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहा, हात वर करा आणि जोरात ओरडा. मराठीतच ओरडा, पोटातून आवाज निघतो. पातेलं बडवा. त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. धावायचं नाही, कारण ते कुठल्याही माणसापेक्षा वेगाने धावतं, आणि झाडावर चढणं त्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग करायचं नाही. काठी, दगड, हाताला येईल त्याने नाकातोंडावर मारत राहायचं. असं होण्याची शक्यता फारच थोडी आहे. पण २०२३ साली डाउनीव्हिलला एका काळ्या अस्वलाने माणूस मारला, कॅलिफोर्नियातली अशी ती पहिली खात्रीशीर नोंद. म्हणून तुमच्या यजमानांनाही हा परिच्छेद वाचायला द्या.

पाठीवरची पिशवी बाकावर ठेवून फोटो काढायला जायचं नाही. दरीतल्या करी व्हिलेज या मुक्कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये जुनी सफरचंदाची झाडं आहेत, फळं धरली की अस्वलं तिथे हमखास येतात. गाडी चालवताना लाल अस्वलाचं चित्र असलेल्या पाट्या दिसतील. तिथे वाहनाने अस्वलाला धडक दिलेली असते. वेग कमीच ठेवा, संध्याकाळी तर फारच.

आता दूध. पावडर, बाटली, थर्मास सगळं लॉकरमध्ये, दाराशीच, हात घातला की सापडेल असं. तंबू आणि लॉकर यांत फार अंतर नसतं. दोनला उठलात की आधी हेडलॅम्प लावा, चेन उघडण्यापूर्वी दोन शब्द मोठ्याने बोला, बाहेर सगळीकडे उजेड फिरवा, मग यजमानांनी लॉकरपर्यंत जावं. कडी लगेच लावायची. मुलीचं पिऊन झालं की तोंड ओल्या कापडाने पुसा, आणि ते कापड व उरलेली बाटली दोन्ही तेव्हाच परत लॉकरमध्ये. झोप कितीही आली तरी सकाळवर टाकू नका. दुपट्यावर दूध सांडलं तर दुपटंही. एक कोरडं दुपटं जास्तीचं घ्या, म्हणजे ते बदलायला जीव कचरणार नाही.