दोन्ही पार्कर 12 बोर, मग वजनात एवढा फरक का?

जुनंलोखंड: इकडे अमेरिकेत एका लिलावात पार्कर या जुन्या अमेरिकन कंपनीच्या दोन दुनळ्या (दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुका) हातात घेऊन बघितल्या, दोन्ही 12 बोर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप एकच), नळ्या 30 इंची, तरी एक 7 पौंडांची आणि दुसरी 8 च्या वर, असं कसं?

ओहायोकर: फ्रेम साइज वेगळी असणार, फ्रेम म्हणजे नळ्या जिथे बसतात तो मधला लोखंडी भाग. नळ्या काढून खालचा लग (फ्रेममध्ये अडकणारा लोखंडी उंचवटा) बघा, त्यावर 1, 1½, 2 असा आकडा ठोकलेला असतो, आकडा मोठा तशी फ्रेम रुंद आणि दोन फायरिंग पिनांमधलं (काडतुसावर आपटणाऱ्या पिना) अंतरही जास्त. 20 बोर (12 पेक्षा बारीक नळी) बऱ्याचदा 0 फ्रेमवर. शिवाय नळ्यांच्या सपाट भागावर अजून एक आकडा बहुतेक दिसेल, ते घासून फिनिश करायच्या आधीचं नळ्यांचं वजन, पौंड-औंसात. लोक त्याचे काहीही अर्थ काढतात 😀

बारबोर: फॉक्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या बंदुकांत उलटं हां, नळ्यांचा 1 नंबर जड, 4 हलका.

जुनंलोखंड: मग जड घेऊ?

बारबोर: जड म्हणजे मजबूत असं नाही, डमास्कस नळ्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या) असतील तर आधी गनस्मिथकडून जाडी मोजून घ्या. ग्रीनर या इंग्रज बंदूक बनवणाऱ्याचा जुना हिशोब म्हणजे एका काडतुसातल्या छऱ्याच्या वजनाच्या 96 पट बंदूक, सव्वा औंसाला साडेसात पौंड. 8 पौंडवाली बदकांच्या शिकारीसाठी एका जागी बसून ठीक, दिवसभर रानात फिरायला नको रे बाबा.