सोसायटीचा ईमेल आणि नेमसर्व्हरची भानगड

बी-३०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. नवीन कमिटीने चार्ज घेतलाय, पण सोसायटीच्या जीमेलचा ओटीपी अजून आधीच्या सेक्रेटरींच्या मोबाईलवर जातो आणि ते सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहेत, म्हणजे आपण सकाळी दहाला लॉगिन करायचं तर त्यांना मध्यरात्री उठवायचं. तर वेबसाइटचं जे डॉट इन डोमेन (नाव) आहे त्यावरच सेक्रेटरी, खजिनदार आणि ऑफिस असे आयडी करतोय. ए-७०३ मदत करणार आहे.

सी-१०२: जीमेल फुकट आहे की हो, नवीन खर्च कशाला

ए-७०३: काका खर्च नाहीये. झोहो म्हणून ईमेल सेवा देणारी कंपनी आहे, तिचा फ्री प्लॅन आहे, ५ जणांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी. फक्त त्यात आयमॅप देत नाहीत, म्हणजे फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये तो आयडी जोडता येणार नाही, झोहोचं ॲप टाकायचं नाहीतर ब्राउझरमध्ये बघायचं. आपल्याला चालतंय. आणि कमिटी बदलली की पासवर्ड आणि ओटीपीचा नंबर बदलायचा, आयडी तोच राहतो, डेप्युटी रजिस्ट्रार ऑफिसला दरवेळी नवीन ईमेल कळवत बसायला नको

सी-१०२: पण वेबसाइट एकीकडे आणि मेल दुसरीकडे असं चालतं का?

ए-७०३: आरामात. डोमेनच्या सेटिंगमध्ये वेगवेगळ्या ओळी असतात, त्यांना रेकॉर्ड म्हणतात. वेबसाइट कुठे आहे ते ए रेकॉर्ड सांगतो, मेल कुठे टाकायचा ते एमएक्स सांगतो, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एमएक्सला पुढे आकडा असतो, झोहोचे १०, २०, ५० असे तीन आहेत, लहान आकडा आधी, तो सर्व्हर बंद असला तर पुढचा.

डी-५०१: टँकर आला का हो कोणी सांगेल का

ऑफिस: गेटवर आहे मॅडम, २० मिनिटांत वर पाणी चढेल

बी-३०४ (सेक्रेटरी): अरे ए-७०३, तू दिलेले तिन्ही एमएक्स मी डोमेन जिथून घेतलं तिथे दुपारीच टाकले, सेव्ह पण झाले, पण तुझ्या त्या चेक करायच्या साइटवर जुनंच दिसतंय. किती वेळ लागतो?

ए-७०३: काका तिथे टाकून वर्षभर थांबलात तरी दिसणार नाही 😄 नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड जगाला सांगणारे सर्व्हर, बघितले मी आत्ता, ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या होस्टिंगचे (वेबसाइट जिथे ठेवलीय त्या सेवेचे) आहेत. डोमेन कुठून घेतलं याला महत्त्व नाही, नेमसर्व्हर ज्याचे त्याच्याच पॅनलमधले रेकॉर्ड जगाला दिसतात. त्या माणसाकडून सीपॅनलचं, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलचं, लॉगिन घ्या आधी.

बी-३०४ (सेक्रेटरी): तो फोन उचलेल तर शपथ. बघतो.

बी-३०४ (सेक्रेटरी): मिळालं. पर्सनलवर पाठवलंय तुला.

ए-७०३: ओके टाकले. जुना एमएक्स काढला, तो राहिला असता तर मेल तिकडे जाऊ शकले असते. टीटीएल, म्हणजे रेकॉर्डचं उत्तर किती वेळ साठवायचं तो आकडा, १४४०० सेकंद आहे, म्हणजे ४ तास, तोपर्यंत काही ठिकाणी जुनं उत्तर साठवलेलं असेल, सो रात्री जेवण झाल्यावर टेस्ट करू. होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन टाईप करू नका कोणी, काही पॅनल शेवटी डोमेन आपोआप जोडतात आणि मग नाव दोनदा लागतं, तिथे नुसतं @ टाकायचं.

डी-२०१ (खजिनदार): मी नवीन आयडीवरून माझ्या जीमेलला मेंटेनन्सचं बिल पाठवून बघितलं तर ते स्पॅममध्ये पडलं. सगळ्यांचं असंच होणार असेल तर लोकांना कारणच मिळेल, बिल आलंच नाही म्हणतील

सी-१०२: मला खरंच आलं नव्हतं मागच्या महिन्यात

डी-२०१ (खजिनदार): काका तुमचं छापील बिल दारातून आत सरकवलं होतं 🙏

ए-७०३: ताई ते एसपीएफमुळे. एसपीएफ म्हणजे गेटवरच्या वॉचमनकडे दिलेली यादी, या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाकोणाला आहे. होस्टिंगवाल्याची एक यादी आधीपासून होती आणि मी झोहोची टाकायच्या आत कमिटीतल्या कोणीतरी उत्साहाने दुसरी वेगळी टीएक्सटी लाइन (एसपीएफ ज्या रेकॉर्डमध्ये लिहितात ती) टाकून ठेवली. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन दिसले की समोरचा सर्व्हर एरर धरतो, एकही मानत नाही. आता एकाच ओळीत दोन्ही घेतलेत, होस्टिंगचा सर्व्हर ठेवावा लागतोय कारण वेबसाइटवरचा तक्रार फॉर्म तिथूनच मेल पाठवतो.

बी-३०४ (सेक्रेटरी): तो फॉर्म! मी मघाशी लिफ्टची तक्रार टाकून बघितली, सेक्रेटरी आयडीवर आलीच नाही. बाहेरून पाठवलेले मेल येतायत, फक्त फॉर्मचे नाही.

ए-७०३: हां हे डोक्यात होतंच माझ्या. सीपॅनलला वाटतं की या डोमेनचे मेलबॉक्स आपल्याच सर्व्हरवर आहेत, त्यामुळे तो एमएक्स बघतच नाही, घरातल्या घरात टाकून देतो. ईमेल राउटिंगमध्ये लोकल होतं ते रिमोट केलंय. परत टाका तक्रार.

बी-३०४ (सेक्रेटरी): आली!! लिफ्ट मात्र अजून बंदच आहे.

ए-७०३: 😂 डीकिमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, की पण टाकली, लांबलचक असते ती, कॉपी करताना शेवटचं एक अक्षर सुटलं तरी फेल, म्हणून हाताने टाईप करायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम, सध्या पी इज इक्वल टू नन ठेवलाय, म्हणजे नुसते रिपोर्ट येतील, काही अडवणार नाही. महिनाभर रिपोर्ट बघू, सगळं पास दिसलं की क्वारंटाइन करू, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये जातील. ताई परत एकदा बिल पाठवा आणि जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन ओरिजिनल उघडा

डी-२०१ (खजिनदार): इनबॉक्समध्ये आलं. एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. तिन्ही.

बी-३०४ (सेक्रेटरी): वा. आता डोमेनचं ऑटो रिन्यूअल लावून टाकू, ते संपलं तर वेबसाइट आणि मेल दोन्ही जातील ना? कार्ड कुठलं देऊ?

डी-२०१ (खजिनदार): सोसायटीच्या खात्याला डेबिट कार्ड नाहीये, दोन सह्यांचं खातं आहे. माझं पर्सनल कार्ड मी कायमचं लावणार नाही.

ए-७०३: मग ऑटो नको, एकदम ५ वर्षांचे भरा, डॉट इनला १० पर्यंत भरता येतात. आणि डोमेन जिथून घेतलं त्या साइटच्या लॉगिनला रिकव्हरी म्हणून याच डोमेनचा आयडी देऊ नका, डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा ओटीपी त्याच बंद मेलवर जाईल. तिथे जुना जीमेलच ठेवा, फक्त नंबर बदलून घ्या न्यू जर्सीवाल्या काकांकडून.

डी-२०१ (खजिनदार): भरते मी, व्हाउचर करून परत घेईन. इनव्हॉइस सोसायटीच्या नावाने येईल ना तेवढं बघ, वेबसाइटवाल्याने मागे स्वतःच्या नावाने घेतलेलं, ऑडिटरने त्यावरून माझं डोकं खाल्लं होतं

ए-७०३: हो ताई, बिलिंगचं नाव आधी बदलतो मग लिंक पाठवतो